शिंप्याच्या आरशाला टेकलेला फोन

मी एक जुना आरसा आहे, शिंप्याच्या दुकानातला, माणसाएवढ्या उंचीचा, आणि मित्रांनो, मला एका फोनचा हेवा वाटतो. आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी जन्म सांगावा, मग बालपण, मग पराक्रम, ही रीत मला ठाऊक आहे. पण आरशाच्या पोटात काही राहत नाही. म्हणून पोटातली जळजळ आधी सांगून टाकली. आता रीतीप्रमाणे जन्माकडे वळतो. चित्त द्या.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मी नुसती काच होतो. माझ्यातून पलीकडचे सगळे दिसायचे, म्हणजे मी असून नसल्यासारखाच. मग एका कारागिराने माझ्या पाठीवर चांदीचे पाणी चढवले, त्यावर तांबडा रंग फासला, आणि मला पहिला चेहरा दिसला. तो त्या कारागिराचाच होता. तो माझ्यात बघून दातात अडकलेले काहीतरी काढत होता. देवाने मला दृष्टी दिली आणि पहिले दर्शन हे दिले. तरी तक्रार नाही. देणाऱ्याने दिले ते गोड मानून घ्यावे.

पुढे एका सुताराने मला सागाची चौकट बसवली. छातीच्या उंचीवर, चौकटीला जोडून, चार बोटे रुंदीची एक फळी ठोकली. शिंप्याला टाचण्या आणि खडू ठेवायला हाताशी जागा हवी, म्हणून. त्या फळीचा मला फार अभिमान होता. शेजारच्या साध्या आरशांना असली फळी नव्हती. मित्रांनो, ज्या गोष्टीचा अभिमान धरावा तीच एक दिवस आपल्या मुळावर येते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक असणार?

मला मास्तरांनी आणले. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक, कापड बेतणारे. दुकान तेव्हा नवे होते आणि मास्तरांचे लग्नही नवे होते. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि वरून उतरणारा जिना सरळ दुकानात. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वहिनींनी मला पहिल्यांदा पुसले तेव्हा स्वतःचे रूप बघितलेच नाही. त्यांनी माझ्यातून मास्तरांकडे बघितले. मास्तर मागे कापडाची गुंडाळी धरून उभे होते, आणि तेही माझ्यातूनच त्यांच्याकडे बघत होते. समोरासमोर बघायला दोघांनाही लाज वाटत होती. दोन माणसांच्या मध्ये उभे राहून त्यांची नजर एकमेकांना पोचती करायची, यापेक्षा मोठे पुण्य कोणते? मी तर त्याच दिवशी धन्य झालो.

मग कामाची वर्षे आली. मास्तर बेतायचे, वहिनी टीप मारायच्या, काजे आणि तुरपाई हाताने करायच्या, आणि शेवटचा निकाल मी द्यायचो. पहिल्यांदा फुल पँट घातलेली पोरे माझ्यासमोर खिशात हात घालून उभी राहिली. नोकरीच्या मुलाखतीला निघालेले तरुण माझ्यापुढे स्वतःशीच बोलले. एक जाडजूड वाणी दर वेळी श्वास रोखून उभा राहायचा, माप झाले की सोडायचा, आणि सदरा घट्ट झाला म्हणून महिनाभर मास्तरांशी भांडायचा. मास्तरांनी एक युक्ती केली होती. माझ्या पुढच्या पायांखाली लाकडाची एक पातळ पट्टी सारली होती. त्यामुळे मी जरासा मागे झुकलो आणि माणसे जरा उंच दिसू लागली. एवढे खोटे देव पोटात घालत असावा, कारण माझ्यासमोरून लोक ताठ मानेने जायचे. या दुकानातला कपडा अंगावर छान बसतो, असे गावभर झाले. मास्तरांचे नाव झाले, वहिनींचे झाले. मनातल्या मनात मी थोडे माझेही करून घेतले.

त्यांना एकच मुलगा. तो रांगत माझ्यापाशी आला आणि समोरच्या बाळाला बिस्कीट देऊ लागला, तेही मी बघितले आहे. पण आरशाचे दुर्दैव असे की माणूस बाजूला झाला की तो माझ्यातून गेलाच. मी काही साठवून ठेवू शकत नाही. ते बिस्कीट, तो हात, काही माझ्याजवळ उरले नाही. हा मुलगा मोठा झाला, जहाजावर नोकरीला लागला, आणि दूरच्या बंदरात भेटलेल्या एका मुलीशी लग्न करून तिला घरी घेऊन आला. सून गोड होती, नाकीडोळी नीटस. फक्त तिची भाषा वेगळी होती. नवरा-बायको आपसात तिसऱ्याच भाषेत बोलायचे, जी मास्तरांना येत नव्हती आणि वहिनींना तर मुळीच नाही. महिनाभर मुलगा दुभाष्या झाला. मग त्याचे जहाज निघाले. घरात राहिली तीन माणसे, आणि त्यांच्यात मिळून शब्द सातआठ. पाणी, हो, नाही, चहा, बस, ये, झोप.

जाताना मुलगा आपला जुना फोन वहिनींना देऊन गेला. कहाणीतला माझा वैरी आता आत आला बघा.

वहिनींनी ठरवले की सुनेची भाषा शिकायची. तिला न सांगता शिकायची आणि एक दिवस बोलून तिला चकित करायचे. दुपारी सूनबाई वर असायची, मास्तर गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला जायचे, तेव्हा वहिनी फोनवर शिकवणीचे व्हिडिओ लावायच्या. आणि हातात तुरपाई असल्यामुळे फोन ठेवायचा कुठे? तर माझ्या फळीवर. टाचण्यांचा डबा उचलून बाजूला ठेवला गेला, आणि तो चपटा माझ्या छातीला पाठ टेकवून उभा राहिला. डोक्यावर मिऱ्या वाटणे म्हणतात ते हेच, फक्त जागा छातीची.

मित्रांनो, माझी अवस्था नीट ध्यानात घ्या. त्याचे तोंड वहिनींकडे. माझ्या वाट्याला त्याची पाठ. त्याच्यात काय चालले आहे ते मला कधी दिसले नाही. मला त्याचा फक्त आवाज ऐकू यायचा, आणि समोर दिसायच्या वहिनी. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर, पण नजर माझ्या डोळ्यांच्या खाली, त्या चपट्यावर. तीस वर्षे मी त्यांना रोज बघत आलो. त्यांच्या केसांतली पहिली चांदी त्यांच्या आधी मला दिसली. आणि आता माझ्यासमोर बसून माझ्याकडे कोण बघतो? कोणी नाही.

सुरुवातीला एक शिक्षिका होत्या. एक वाक्य त्या परक्या भाषेत म्हणायच्या, मग त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायच्या. आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट. त्यांच्यामुळे मलाही थोडे समजू लागले. वहिनींना मात्र चौथ्या वाक्याला डुलकी लागायची. मला आनंद व्हायचा. वाटायचे, चार दिवसांत कंटाळतील आणि टाचण्यांचा डबा परत जागेवर येईल.

पण त्या फोनला गप्प बसणे ठाऊक नाही. एक संपले की न सांगता दुसरे लावतो. एका दुपारी शिक्षिका संपल्या आणि कोण्या विनोदी नटाचा आवाज सुरू झाला. वहिनी दचकून जाग्या झाल्या, क्षणभर बघत राहिल्या, आणि हसल्या. तोंडाला हात लावून हसल्या, मग हात काढून हसल्या, मग सुई बोचेल म्हणून कापड मांडीवरून खाली ठेवून हसल्या. संध्याकाळी त्यांनी तोच तुकडा मास्तरांना दाखवला. मास्तरांना शब्द कळत नव्हता, चित्राखाली लिहून येणारा अर्थ वहिनी वाचून सांगत होत्या, आणि तरी माझे धीरगंभीर मास्तर, गिऱ्हाइकाची पँट माझ्यासमोर उसवली तेव्हासुद्धा ज्यांनी ओठ मिटून धरले होते, ते गळ्यातली टेप धरून हसत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

खरे सांगतो, माझा तिळपापड झाला. मी त्यांना नीटनेटके केले, उंच दाखवले, एकमेकांचे दर्शन घडवले. पण मी त्यांना कधी हसवले नव्हते. माझ्यात बघितल्यावर त्यांना दिसायच्या सुरकुत्या आणि पाठीचा बाक. हा काल आलेला चपटा, वीतभर अंगाचा, याने एका संध्याकाळीच ते केले. आणि तो सगळे साठवून ठेवतो. तोच विनोद दहा वेळा मागितला तर दहा वेळा देतो. मला हे जमणार आहे का? एकदा तो फळीवरून घसरला आणि फरशीवर तोंडावर पडला. देवा, मी मनातल्या मनात किती हरखलो. दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्याला चिकटपट्टी लावून परत माझ्या छातीला टेकला.

आता त्या नटाविषयी. तो माझ्या नजरेस कधी पडला नव्हता, पण मला त्याचे तोंड पाठ झाले, कारण ते वहिनींच्या तोंडावर उमटू लागले. त्याचे छोटे छोटे तुकडे असायचे, पुढचे मागचे कापलेले. एक वाक्य, मग हशा, की संपले. त्याची वाक्ये सोपी होती, हळू म्हटलेली होती, आणि गोड होती. “जेवलीस का, सोन्या?” “ये, माझ्याजवळ बस.” “हे घर तुझंच आहे.” वहिनींना वाटले, आपल्याला हवे तेच आयते मिळाले. त्या तीच वाक्ये घटवू लागल्या. आणि वाक्याबरोबर त्याची डावी भुवई, जी टोकाशी उडायची. त्याचा ओठ, जो एका बाजूला ओढला जायचा. त्याची मान, जी शेवटच्या शब्दाला झुलायची. मास्तरांनी विचारले की ही भुवई कशाला. वहिनी म्हणाल्या, त्यांच्याकडे लाडाने बोलताना असंच करत असतील, आपण काय सांगावं, भाषा शिकायची तर अख्खी शिकावी. त्या सपाट शिक्षिकेने चेहरा शिकवलाच नव्हता. मग शिकणाऱ्याने चेहरा आणायचा कुठून?

वहिनी तर शिवणाऱ्या. हातभर चिंधी बघून मूळ कपडा कोणता होता हे ओळखू नये, कधी सदरा असतो, कधी उशीचा अभ्रा, हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या. आणि इथे त्यांनी चिंधीवरून अख्खा माणूस बेतला.

मला सगळे दिसत होते. शब्द मायेचे आणि तोंड वाकुल्या दाखवणारे. शिवण उलट्या बाजूने आली होती. त्यांनी एकदा, फक्त एकदा, नजर चार बोटे वर उचलली असती तर त्यांनाही दिसले असते. पण माझ्याकडे कोण बघतो?

वर सूनबाईचे काय चालले होते ते जिन्यावरून येणाऱ्या पावलांवरून कळायचे. पावले मंद झाली होती. ताटातले अर्धे तसेच परत येते, असे वहिनी मास्तरांना सांगायच्या. मुलगा फोनवर म्हणायचा की तिला एकटे वाटते, तिचा भाऊ तिला काही दिवस माहेरी घेऊन जाऊ का विचारतो आहे. काही दिवस, असे तो म्हणायचा. वहिनींना ते दिवस लांबताना दिसत होते. म्हणून त्या अधिकच मन लावून शिकत होत्या. परक्या घरात आलेल्या पोरीला तिच्या भाषेत एक शब्द ऐकू यावा, एवढेच त्यांना हवे होते. माझा मत्सर कितीही असला तरी एवढे मी कबूल करतो, की त्या बाईइतक्या चिकाटीने देवाचे नाव घेणारेही थोडे असतील.

आणि एका दुपारी सूनबाई खाली आली. तिच्या हातातल्या सदऱ्याची बाही उसवली होती. तिने बाही दाखवली, टीप मारल्याची खूण केली. वहिनींना वाटले, हीच ती वेळ. त्यांनी सुई खोचून ठेवली, उभ्या राहिल्या, दोन्ही हात पुढे करून सदरा घेतला. दोघीही माझ्यात पायापर्यंत दिसत होत्या.

“जेवलीस का, सोन्या?” वहिनी तिच्या भाषेत म्हणाल्या. भुवई उडाली. “ये, माझ्याजवळ बस.” ओठ वाकडा झाला. “हे घर तुझंच आहे.” आणि मान झुलली.

मी चेहरे बघण्यात आयुष्य घालवले आहे. पण पहिला शब्द ऐकून उजळलेला चेहरा तिसऱ्या वाक्यापर्यंत असा विझताना मी कधी बघितला नव्हता. तिने वहिनींच्या हातातून सदरा काढून घेतला आणि उसवलेल्या बाहीसकट जिना चढून गेली.

तिच्या देशात त्या नटाला शेंबडे पोरही ओळखते, हे मला पुढे कळले. डोक्याला रुमाल बांधून तो एका खाष्ट सासूचे सोंग करतो. सुनेला म्हणतो, जेवलीस का, सोन्या, आणि तिच्यापुढचे ताट ओढून घेतो. म्हणतो, ये, माझ्याजवळ बस, आणि खुर्ची सरकवतो. म्हणतो, हे घर तुझंच आहे, आणि दाराला कडी घालतो. वहिनींना मिळालेल्या तुकड्यांत ताट नव्हते, खुर्ची नव्हती, कडी नव्हती. तिथे शाळेतल्या मुलीसुद्धा एकमेकींना चिडवायला ती भुवई उडवतात. आणि इथे, जिच्या घरात ती एकटी पडली होती, त्या सासूने पहिल्यांदा तिची भाषा उच्चारली ती त्या तोंडाने.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. आई तिची थट्टा करते, असे ती म्हणाली होती. रविवारी भाऊ तिला न्यायला येणार होता, आणि या वेळी काही दिवस असे कोणी म्हणाले नाही. वहिनी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. “मी काय वाईट बोलले?” त्या मास्तरांना विचारत होत्या. “मी जेवलीस का म्हणाले. जेवलीस का म्हणणं वाईट आहे का?” मास्तरांनी टेपची गुंडाळी केली, सोडली, परत केली. ते म्हणाले, उच्चार चुकला असेल. नीट घटवून परत म्हण.

अरेरे, मास्तर. कापडाचा सूतभर फरक ओळखणारा माणूस. त्या दिवसापासून वहिनींनी त्या नटाला दुपारीही लावले आणि सकाळीही. उच्चार घासून लखलखीत केले. भुवईसुद्धा. आणखी एक वाक्य त्यांनी शोधून काढले, तेही त्याच्याचकडून. “माझं चुकलं असेल तर सांग.” मी समोर उभा राहून बघत होतो. खोटे कशाला बोलू, पहिले एकदोन दिवस मला गंमत वाटली. वाटले, बरे झाले, चपट्याचे पितळ उघडे पडले. पण वहिनी रडायला लागल्यावर माझी गंमत मलाच कडू लागली. हेवा करायचा तर त्या फोनचा करावा. त्याच्यापायी माझ्या घरातले माणूस कमी व्हावे, हे मला नको होते. मला वाचा असती तर ओरडलो असतो. आरशाने ओरडायचे ठरवले तर त्याला तडकावे लागते, आणि तेवढेही माझ्या हातात नव्हते.

रविवार उजाडला. मास्तर भावाला आणायला बसथांब्यावर गेले होते. वहिनी दुकानात एकट्या होत्या. फोन माझ्या छातीला टेकलेला. तो नट पुन्हा पुन्हा म्हणत होता, माझं चुकलं असेल तर सांग, आणि त्याच्यामागून वहिनी म्हणत होत्या. सूनबाई बॅग घेऊन जिना उतरली. बाहेर जायचा रस्ता दुकानातूनच. त्या नटाच्या आवाजात वहिनींना पावले ऐकू गेली नाहीत. ती शेवटच्या पायरीवर थांबली, कारण तिला त्या नटाचा आवाज ऐकू आला.

वहिनींची पाठ तिच्याकडे होती. पण मी होतो ना. तिने माझ्यात बघितले. तिला माझ्यात वहिनींचा चेहरा दिसला. भुवई टोकाशी उडालेली, ओठ एका बाजूला ओढलेला, आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहत होते. वहिनी नाक ओढून पुन्हा म्हणत होत्या, माझं चुकलं असेल तर सांग, आणि पुन्हा भुवई उडवत होत्या, अगदी काळजीपूर्वक, सुईत दोरा ओवावा तशी. थट्टा करणारे माणूस एकटे बसून रडत थट्टा करत नाही. ते नजर हटण्याआधीच तिला समजले.

तिने बॅग खाली ठेवली. त्या आवाजाने वहिनींनी मान वर केली. मागे वळल्या नाहीत. तीस वर्षांची सवय, दुकानात कोणी आले की आधी आरशात बघायचे. फोन लावलेला असताना त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितले. आधी त्यांना सूनबाई दिसली. मग स्वतःचे तोंड दिसले, तसेच अडकून राहिलेले.

“अगंबाई,” वहिनी म्हणाल्या, “हे माझं तोंड असं का झालंय?”

सूनबाई पुढे आली. तिने फळीवरचा फोन उचलला आणि पालथा घालून शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवला. माझी छाती मोकळी झाली. मग वहिनींच्या मागे उभी राहून, माझ्यात बघत, तिने आपला अंगठा त्यांच्या डाव्या भुवईवर ठेवला आणि ती हळूच खाली दाबली, जशी चुरगळलेली घडी बोटाने सपाट करतात. “हे नको,” ती आमच्या भाषेत म्हणाली. दोन शब्द. मग तिने ती भुवई स्वतःच्या चेहऱ्यावर चढवून दाखवली, टेबलावरून एक कल्पनेतले ताट ओढून घेतले, आणि बोट पालथ्या फोनकडे केले. वहिनींनी एकदा तिच्याकडे बघितले, एकदा फोनकडे. त्यांनी कपाळाला हात लावला. मग दोघी माझ्यासमोर स्टूल आणि बॅग यांच्यावर बसल्या आणि हसता हसता रडल्या, की रडता रडता हसल्या, ते मलाही सांगता येणार नाही. मी फक्त दाखवतो.

हसणे ओसरल्यावर सूनबाईने पहिले वाक्य हळू म्हटले, साध्या चेहऱ्याने. वहिनींनी माझ्यात आपले तोंड बघत बघत ते म्हटले. एकदा भुवई हलली, त्यांनी स्वतःच बोटाने धरून ठेवली. दुसऱ्यांदा हलली नाही.

“जेवलीस का, सोन्या?”

“नाही,” सूनबाई म्हणाली. “भूक लागली.”

थोड्या वेळाने मास्तर भावाला घेऊन आले. दार उघडे, दुकान रिकामे, बॅग स्टुलाशेजारी, आणि वरून दोघींचे हसणे येत होते. भावाला आपली भाषा येत नव्हती आणि मास्तरांना त्याची. दोघे माझ्यासमोर अवघडून उभे. शेवटी मास्तरांनी त्यांना जे येत होते ते केले. गळ्यातली टेप काढली आणि पाहुण्याच्या खांद्याचे माप घेऊ लागले. छाती, बाही, मनगट. तो पोरगा आधी चपापला, मग त्याने आपोआप पोट आत घेतले. जेवून, संध्याकाळच्या बसने तो एकटाच परत गेला. त्याचा सदरा शिवायला टाकलेला होता, म्हणजे त्याला पुन्हा यावे लागणारच होते.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल, या आरशाचा हेवा संपला असेल. कुठला संपतो. आता दुपारी दोघी मिळून व्हिडिओ बघतात. सूनबाई आमची भाषा शिकते, वहिनी तिची, आणि मधूनच दोघी त्या खाष्ट सासूचे अख्खे, न कापलेले भाग लावून पोट धरून हसतात. दोघींना दिसावे म्हणून फोन आता समोर, शिवणयंत्राच्या टेबलावर असतो, माझ्याकडे तोंड करून. त्यामुळे तो नट मला प्रथमच दिसला. टकला आहे, आणि रुमाल त्याला मुळीच शोभत नाही. तरी त्याने भुवई उडवली तेव्हा माझ्यातही ती उडाली, आणि क्षणभर मीसुद्धा हसलो असे म्हणायला हरकत नाही. मला राग कशाचा येतो सांगू? त्या फोनची बॅटरी संपली की तो काळा होतो, आणि त्या काळ्या काचेत वहिनी केस सारखे करतात. सगळे जग पोटात असून शेवटी त्यालाही आरसाच व्हायचे असते. पण रोज दुपारी माझी पाळी आधी येते. फोन लावण्यापूर्वी सूनबाई माझ्यासमोर थांबते, अंगठ्याने स्वतःची डावी भुवई खाली दाबते, माझ्यातून वहिनींकडे बघते, आणि वहिनी माझ्यातून तिच्याकडे. मग दोघी वळतात. तो अर्धा क्षण माझा असतो. त्या फोनलाही तो साठवता येत नाही आणि मलाही येत नाही, म्हणून तो रोज नव्याने यावा लागतो.

तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. व्हिडिओ जरूर बघा, दुसऱ्यांच्या भाषा शिका, पोटभर हसा. देवाने एवढी तोंडे आणि एवढ्या बोली उगीच नाही निर्माण केल्या. पण शिकलेले वाक्य कोणाला ऐकवण्याआधी एकदा आपल्या घरातल्या आरशापुढे उभे राहून म्हणा, आणि शब्दांबरोबर तोंड कोणाचे आले आहे ते बघून घ्या. त्याच्या खालच्या कोपऱ्यातली चांदी उडाली असेल तर नाक मुरडू नका. मऊ फडके किंचित ओले करून त्याला पुसा, मग कोरड्या फडक्याने. आणि त्याला फळी असेल तर तिथे टाचण्या ठेवा, खडू ठेवा, कंगवा ठेवा. फोन मात्र दुसरीकडे कुठेतरी टेकवा.